पानमळ्याचा विटाळ

“साहेब, कावळा शिवलेली बाई पानमळ्यात गेली, तर वेल खरंच मरते का हो?”

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या वर्गांसमोर, उभी राहून, खणखणीत आवाजात. माझ्या वर्गातल्या नीला आणि शुभदा यांनी पैज लावलेली. “हेमे, तू नुसती गप्पा मारतेस. हिंमत असली तर विचार त्या शेतकी खात्याच्या साहेबांना.” पैज होती चिंचेच्या गोळ्यांची, पण चिंचेच्या गोळ्यांसाठी कोण एवढं करतंय? त्या वर्षी माझ्या अंगात हिंमत मावतच नव्हती. वक्तृत्वात पहिला नंबर, लंगडीच्या संघाची कप्तान, आणि गांधार्‍याहून कल्याणला सायकलवरून शाळेत येणारी मी एकटीच मुलगी. रस्त्यावरचे टांगेवाले हसायचे, मी जोरात घंटी वाजवायचे.

साहेब त्या दिवशी दुसर्‍या पंचवार्षिक योजनेवर बोलायला आले होते. त्यांनी फळ्यावर तीन उभे पट्टे काढले होते. पहिला विजेचा, दुसरा पिकाचा, तिसरा परदेशी जाणार्‍या मालाचा. तिन्ही पट्टे जिन्यासारखे वर चढत गेलेले. “म्हणून सरकार शेतीच्या पंपाला वीज इतकी स्वस्त देतं,” ते म्हणाले. “गिरणीवाल्याला हेवा वाटावा, अशा दराने. जितकी वीज, तितकं पाणी. जितकं पाणी, तितकं पीक. जितकं पीक, तितकं परकी चलन! तुमच्या गांधार्‍याचा पानमळाच घ्या. तिथलं पान आज बोटीने कराचीला जातं.”

तो पानमळा आमचा. सगळ्या मुली माझ्याकडे वळून बघायला लागल्या. आणि मी माझा प्रश्न विचारला.

साहेबांच्या हातातला खडू खाली पडला. आधी मागच्या बाकांवर खसखस पिकली, मग सगळा हॉल हसला. साहेबांचे कान लाल झाले. “असले प्रश्न,” ते म्हणाले, “घरी आईला विचारावेत.”

पण आईला काय विचारू? घरात तर रोज हेच चाललं होतं. आमच्या वेली मरत होत्या, आणि कोणी तरी बाई विटाळशी असताना मळ्यात शिरली, म्हणून मरत होत्या, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

तास सुटल्यावर विमलाबाईंनी मला थांबवलं. त्या आम्हाला सायन्स शिकवत. मला वाटलं, आता छडी. तर त्या म्हणाल्या, “प्रश्न वाईट नव्हता. मरत्या वेलीचं मूळ आणून दाखवशील का? पानं नको. मूळ.”

आमचा मळा उल्हास नदीच्या काठावर. माझे आजोबा वसईकडून पानवेलीचं बेणं घेऊन इथे आले. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी, मधून पाण्याचे पाट, आत शिरलं की भर उन्हात गार सावली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात जातात तशा. आणि कावळा शिवलेल्या बाईने तर मळ्याच्या कुंपणाला हातसुद्धा लावायचा नाही. तिने घरातही यायचं नाही. आवाराच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे, कुडाची एक खोप होती. चार दिवस तिथे बसायचं. जेवण उंबर्‍याबाहेर ठेवलं जायचं, पाणी वरून ओतलं जायचं. माझ्या आईने त्या खोपीत वर्षानुवर्षं चार-चार दिवस काढले. मीही दोन वर्षांपासून बसत होते आणि तिथे बसून भूगोल पाठ करत होते.

पूर्वी मळ्याला रहाटाचं पाणी होतं. बैल गोल फिरायचे, रहाटाची गाडगी कुरकुरत वर यायची, पाटात बोटभर पाणी वाहायचं. मग सरकारची सवलतीची वीज आली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नदीवर पंप बसवला. नारळ फोडला, पेढे वाटले. विश्रामकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, त्या पंपावर इतके खूश की त्याला रोज फडक्याने पुसायचे. पहिल्या वर्षी कमाल झाली. पानं हाताच्या पंजाएवढी, काळीभोर हिरवी. कल्याण बाजारातले पोपटशेठ स्वतः टांग्याने वाडीवर आले. करंड्यांत केळीच्या ओल्या पानांच्या घड्यांत आमची पानं भरली गेली, मुंबई बंदरात गेली, तिथून बोटीने कराचीला. अण्णा येणार्‍या-जाणार्‍याला सांगायचे, “मुलुख तुटला, पण त्यांच्या तोंडात अजून आमचंच पान!”

दुसर्‍या वर्षी पोपटशेठ हसले नाहीत. “अण्णासाहेब, पान दिसतं झकास, पण टिकत नाही. पाण्याने भरलेलं आहे. बोटीत दोन दिवसांत करंडीचा चिखल होतो. तिकडचा व्यापारी मला शिव्या देतो.” आणि त्याच हिवाळ्यात वेली माना टाकायला लागल्या. आधी नदीकडची ओळ पिवळी पडली, मग तिच्या शेजारची. सकाळी ताठ असलेली वेल संध्याकाळी लोंबायला लागायची. विश्रामकाका घाबरून आणखी पाणी सोडायचे. पंप दिवसभर घरघरत राहायचा.

आणि मग घरातल्यांची नजर रतनकाकूवर गेली.

रतनकाकू विश्रामकाकांची बायको. माजिवड्याची. माझ्याहून फार मोठी नव्हती. पानं जुळवायला बसली की तिचे हात दिसायचेच नाहीत इतके भराभर चालायचे, आणि तोंड त्याहून भराभर. “हेमू, तू शिकून मोठी साहेबीण हो नि मला तुझ्या हापिसात पान लावायला ठेव. चुना कमी, कात जास्त, आणि साहेबांना तंबाखू बंद!” तिच्यामुळे आमच्या घरात हसू होतं. अण्णा तिच्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाची बायको. ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड उभी राहायची, आणि अण्णा जे काय सांगायचं, ते आईला सांगायचे.

मी प्रश्न विचारून पैज जिंकून घरी आले, त्या संध्याकाळी ओटीवर सगळे बसले होते. मी पायरीवरच थांबले.

“रतन,” आई म्हणाली, “तू शेवटची बाजूला कधी बसलेलीस?”

दाराआडून आवाज आला, “दिवाळीच्या आधी.”

“आणि आता पौष सरत आला. मला वाटलं, मी माहेरी गेलेले तेव्हा बसली असशील. ह्यांना विचारलं, तर नाही म्हणाले. मग मधल्या पाळ्या गेल्या कुठे?”

“बाई, तसं नाही हो…”

“लपवल्यास. लपवून मळ्यात जात राहिलीस. नदीकडच्या ओळीत तूच खुडायला असायचीस ना? तीच ओळ आधी गेली.”

दाराआड बांगड्या वाजल्या. मग काकू एकदम बोलली. मोठ्याने. अण्णांसमोर इतक्या मोठ्याने ती आजवर बोलली नव्हती. “लपवायला काही झालंच नाही, बाई! मला दिवस गेलेत. तिसरा आहे. मागच्या खेपेला सगळ्यांना सांगितलं, नि आठ दिवसांत पोट पडलं. म्हणून माझी आई म्हणाली, तिसरा सरेपर्यंत तोंडातून काढू नको.”

मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेसुद्धा, “अय्या, काकू!”

माझ्याशिवाय कोणी हललं नाही.

“बरं सुचलं,” आई म्हणाली. आई दुष्ट नाही. माझी आई आजारी वासराशेजारी गोणपाट टाकून झोपते. पण डोळ्यांदेखत मळा पिवळा पडताना तिला कोणावर तरी बोट ठेवायचं होतं, आणि ते बोट ठेवायला तिला लहानपणापासून एकच जागा शिकवलेली. “इतके दिवस तोंड शिवलेलं. वेली मेल्या नि आज दिवस गेले होय गं?”

अण्णांनी आईकडे बघत म्हटलं, “तिला सांग, बाबांच्या वेळचं प्रायश्चित्त आहे तेच करायचं. ओलेत्याने नदीतून घागर भरून आणायची, आणि एकेका ओळीच्या मुळाशी ओतून देवीची माफी मागायची. खोटं बोलत असेल तर दोष फिटेल. खरं बोलत असेल तर देवी तिला सांभाळील. यात तिचं काय नुकसान आहे?”

मी विश्रामकाकांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काका उठले, म्हणाले, “पंप बघून येतो,” आणि गेले. थोड्या वेळाने पंपाची घरघर सुरू झाली. तिच्यात कोणाचं रडणं ऐकू येत नाही.

दुसर्‍या दिवशी मी शाळेत मूळ घेऊन गेले. मेलेली वेल ओढली, तर विरोधच केला नाही तिने. चिखलातून काडी काढावी तशी सुटून आली. विमलाबाईंनी ते मूळ कागदावर ठेवून ब्लेडने चिरलं. आतून काळं. बोटाने दाबलं की लगदा. आणि घाण असा वास, तुंबलेल्या मोरीचा.

“मुळालासुद्धा श्वास लागतो, हेमा. मातीच्या कणांत हवा असते. तिथे सतत पाणीच भरून राहिलं तर मूळ गुदमरतं, मग कुजतं. तुमच्याकडे पाणी किती वेळ सोडतात?”

“बटण दाबलं की सोडलेलंच असतं, बाई. वीज स्वस्त आहे ना.”

“आणि रहाट होता तेव्हा?”

“तेव्हा बैल दमायचे. मग पाणी थांबायचं.”

बाईंनी ब्लेड पुसून ठेवलं. मग म्हणाल्या, “मग तुमचा मळा इतकी वर्षं बैलांच्या दमण्यामुळेच जगला.”

मी उरलेले तास बसलेच नाही. मूळ कागदात गुंडाळलं, सायकल काढली आणि निघाले. काय वाटत होतं मला! वाटत होतं की कागदातलं हे काळं मूळ अण्णांपुढे ठेवलं, की सगळं संपलं. अण्णा कपाळावर हात मारतील, आई काकूला जवळ घेईल, पोपटशेठच्या करंड्या पुन्हा भरतील. सगळ्या रस्त्याने मी भाषणाची तयारी केली.

वाडीवर पोचले तेव्हा काकू नदीची चढण चढत होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, डोक्यावर पितळेची मोठी घागर, पौषातलं वारं. ती ओळीपाशी आली, घागर उतरवून वेलीच्या मुळाशी ओतली, हात जोडले, पुन्हा नदीकडे वळली. शेजारच्या पाटातून पंपाचं पाणी भरभरून वाहत होतं. तिने ओतलेलं पाणी जमिनीत मुरेना; वरच राहिलं.

“अण्णा, थांबवा! हे बघा. मूळ कुजलंय. पाण्याने. जास्तीच्या पाण्याने! विमलाबाईंनी चिरून दाखवलं. काकूचा काही संबंध नाही. पंप बंद करा, अण्णा, आणि तिला घरात घ्या.”

अण्णांनी मूळ हातात घेतलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, “पाण्याने वेल मरते? मग तुझ्या शाळेत येऊन साहेबांनी काय सांगितलं? सरकार काय वेडं आहे? माणसाचं नुकसान व्हावं म्हणून कोणी वीज स्वस्त करतं का?” आणि मग हळू आवाजात, “काल तिथे काय विचारलंस, ते पण कळलंय मला. माझ्या नावाला चांगलाच काळिमा फासलास.”

काकू तेवढ्यात बांधावर बसली. घागर कलंडली. ती पोटाशी वाकली, आणि ओल्या लुगड्यावर लाल उतरत गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आई पुढे धावली. खरंच धावली. पण दोन हातांवर थांबली. तिचे पसरलेले हात तसेच मागे गेले. “बघा,” ती म्हणाली, “बघा. आली ना. म्हणजे खोटंच होतं.”

काकूला कोणी उचललं नाही. ती स्वतःच उठून, गोठ्याची भिंत धरत धरत, खोपीकडे गेली.

बाईला बाजूला बसायला चार दिवस देतात. त्या चार दिवसांत तिला काय होतंय ते कोणी बघायचं नसतं. बघायला शिवावं लागतं. मी आईला किती सांगितलं, हे नेहमीचं नाही, डॉक्टरला बोलावू या. आई म्हणायची, “चौथ्या दिवशी न्हाईल, उठेल.” काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “अण्णा म्हणतील तसं.” बाहेर ठेवलेली भाकरी तशीच राहायची, कावळे न्यायचे.

तिसर्‍या दिवशी सकाळी मी खोपीत शिरले. मागून आई ओरडली, “हेमे, शिवू नको! आंघोळ करावी लागेल, शाळेला उशीर होईल!” मी शिवले. काकूचा हात तापलेला होता आणि ओठ पांढरे. चटई सगळी भिजलेली. तिने मला ओळखलं. हसायचा प्रयत्न केला.

“हेमू, त्या दिवशी तूच ओरडलीस बघ… ‘अय्या’ म्हणून. माझ्या बाळासाठी तेवढीच एक खुशी झाली.” मग म्हणाली, “मला शिवलीस ना? मग आता जरा धरून ठेव.”

मी धरून ठेवलं. पण किती वेळ ठेवणार? मी तिला म्हटलं, कल्याणच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन येते, आणि सायकलवर बसले. त्या दिवशी घंटी वाजवायचं माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. डॉक्टरीणबाई लगेच निघाल्या, टांग्याने, माझ्या सायकलच्या मागोमाग. त्या खोपीत वाकून शिरल्या आणि थोड्याच वेळात बाहेर आल्या. ओटीवरच्या माणसांकडे बघून म्हणाल्या, “गर्भ पडून आतला भाग राहिला होता. पहिल्या दिवशी आणली असती तर ही बाई वाचली असती.” अण्णांनी मान खाली घातली. काका पंपाकडे गेले नाहीत. जमिनीवर बसले, आणि बसूनच राहिले.

तरीही माणसं बदलली नाहीत. आवडाबाई, म्हणजे काकूची आई, माजिवड्याहून आली, तेव्हा लेक अजून खोपीतच होती. आई म्हणत होती, आधी गोमूत्र शिंपडू द्या, विटाळात गेलीय, तशी कशी उचलणार. आवडाबाई सरळ आत गेली आणि तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

“माझ्या पोटातून आलीय ती,” ती आतूनच म्हणाली. “याच रक्तातून आलीय. तुम्ही सगळे त्यातूनच आलात. मला कसला विटाळ लागायचा?”

मी कंगवा घेऊन आत गेले आणि आम्ही दोघींनी मिळून काकूची वेणी घातली.

मळा उरला नाही. होळीपर्यंत सगळ्या ओळी गेल्या. शेवरीची झाडं नुसतीच उभी राहिली, अंगावर वाळलेल्या दोर्‍या घेऊन. पोपटशेठांनी कराचीचा माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. शेतकी खात्याचे साहेब पुन्हा आले नाहीत. त्यांच्या फळ्यावरचे तीन पट्टे पुसून आम्ही तिथे बीजगणित करतो. अण्णांनी मात्र वसईहून नवं बेणं मागवलं. नव्या वेली लागल्या आणि विश्रामकाकांऐवजी आता अण्णाच बटण दाबतात. पाट पुन्हा काठोकाठ.

आज सकाळी मी उठले, आणि मला कळलं. आईलाही कळलं; तिला नेहमी कळतं. मी तोंड धुऊन येते तो तिने खोप शेणाने सारवून घेतलेली. नवी चटई टाकलेली. पाण्याचा तांब्या ठेवलेला. माझं भूगोलाचं पुस्तकसुद्धा तिने आधीच नेऊन ठेवलेलं.

अण्णा ओटीवर चहा पीत होते. मी खोपीकडे गेले नाही. ओटीची पायरी चढले आणि उंबर्‍याच्या आत उभी राहिले.

“अगं, बाहेर हो!” आई दबक्या आवाजात म्हणाली. “अण्णा आहेत.”

“आहेत म्हणूनच आले.”

“हेमे, मी बसले, माझी सासू बसली. आम्हाला काय झालं?”

शेणाचा पोतेरा अजून तिच्या हातातच होता. मला तिची इतकी माया आली की क्षणभर वाटलं, जाऊ दे, चार दिवस तर आहेत. मग वाटलं, काकूलाही चारच दिवस सांगितले होते.

“आई, अण्णा,” मी म्हटलं, “मी त्या खोपीत बसणार नाही. आज नाही, पुढच्या महिन्यात नाही, माझं लग्न होऊन मी जिथे जाईन तिथेही नाही. तुम्ही मला शाळेतून काढलंत तरी नाही. तुम्हाला मला शिवायचं नसेल तर नका शिवू. मी स्वतःच्या हाताने वाढून घेईन, याच स्वयंपाकघरात बसून जेवेन. आणि आता मी मळ्यात जाणार आहे. नव्या ओळींमधून चालत, नदीपर्यंत. तिथे जाऊन पंप बंद करणार आहे.”